हातचा

गोठलेल्या तळ्यावर गाडी गोल गोल फिरते.
बाहेर उणे एकतीस.
काठावरच्या लाकडी खोलीत पडद्यासमोर बसून
मी तीच गाडी तिच्याआधी चालवते.

माझ्या गाडीला चाकं नाहीत,
नुसतं समीकरण:
आलेली उष्णता वजा गेलेली,
भागिले वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा.
थर्मोस्टॅटमधलं मेण अठ्ठ्याऐंशीला वितळतं,
तेही जरा उशिरानं,
हाक मारूनही कूस बदलणाऱ्या माणसासारखं.
तो उशीर मी मोजलाय. चौदा सेकंद.
मग झडप उघडते, रेडिएटरचं गार पाणी आत येतं,
आकडा घसरतो, झडप मिटते,
आकडा पुन्हा चढतो.
कागदावर हे हेलकावे असे उतरतात
की बघत राहावं.

पण आज तिसरा दिवस,
खरी गाडी सातव्या मिनिटाला बिनसते.
माझी रेघ चढत राहते, तिची आडवी पडते.
मध्ये सहा अंशांची फट.
पंप तपासला. सेन्सर बदलला.
वाऱ्याचा गुणांक वाढवला, मग लाजून कमी केला.
गोथेनबर्गहून होकानचा फोन:
"थोडा ओढूनताणून बसव ना, कोण बघतंय?"

संध्याकाळी,
म्हणजे दुपारी दोनला,
योव्ना किल्ली द्यायला आला.
उन्हाळ्यात रेनडिअर राखतो, हिवाळ्यात आमच्या गाड्या.
विचारलं, सातव्या मिनिटाला तू करतोस काय?

तो विचारात पडला. मग मोजा काढावा तसा
हळूच हातमोजा काढला.
दोन बोटं, टोकाशी मेणासारखी पांढरी.
कधीतरी स्नो-स्कूटर बंद पडली होती, रात्रभर.
"हीटर लावतो," म्हणाला,
"त्याआधी लावून उपयोग नाही, वारा गारच येतो.
बंद ठेवा असं लिहिलंय, वाचलंय मी.
पण स्टिअरिंग धरायला बोटं नकोत?"

शाळेत माझी प्रत्येक बेरीज
एकाच ठिकाणी चुकायची.
बाई लाल शाईत लिहायच्या: हातचा विसरलीस.

रात्री वजाबाकीत एक पद वाढवलं,
त्याच्या पायाशी बारीक अक्षरात "यो".
रेघ रेघेवर जवळजवळ निजली.
अर्धा अंश उरलाच.
विचारणार होते, खिडकी खाली करून
सिगारेट ओढतोस का म्हणून,
पण त्याच्या गाडीचे लाल दिवे
तोवर झाडांत शिरले होते.