परतीची पावती

मी दुभाष्या. फोनसावानच्या दवाखान्यात
बाकाच्या टोकाला बसतो,
इकडचं तिकडे करतो. पदरचं काही घालत नाही.

आज मेजावर एक हात आहे.
राखाडी, मनगटाशी निळा दिवा.
अठरा महिने तो वोंगदुआनचा होता.
नऊ वर्षांची असताना बांबूच्या बेटात
तिला एक गोल वस्तू सापडली होती. ती तेवढंच सांगते.
पुढचं तिचा दंड सांगतो.

रेन्स्के कंपनीकडून आली आहे. वाईट बाई नाही.
दोनदा पाणी प्यायली, मग म्हणाली,
चाचणी संपली, निधीही संपला. हात न्यावा लागेल.
पान अकरा, कलम चार, खाली अंगठा.
अर्थात उरलेल्या हाताचा.

'चाचणी'ला आमच्याकडे जो शब्द आहे
तो दुकानात सदरा अंगाला लावून बघतानाही चालतो.
तोच वापरला.

वोंगदुआन हाताकडे बघत होती.
"याला गरम कळायचं," म्हणाली,
"भाताच्या टोपलीचं झाकण काढलं की
आधी याला, मग मला.
पहिले कितीतरी दिवस नुसते धागे तोडायचा.
मागावर बसवून शिकवला मी.
आईची नागाची नक्षी,
ती आता याच्या पोटात आहे ना?"

आहे, रेन्स्के म्हणाली. प्रत्येक हालचाल साठवली आहे.
दुसऱ्या कुठल्या देशात एखादी मुलगी
पहिल्याच दिवशी धागा न तोडता ओढेल.

आता ती विचारणार, मग माझं काय?
मी वाक्य जुळवून तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली,
"त्या मुलीला सांगा, डावीकडून तिसरा दोरा
मुद्दाम चुकवलेला आहे.
तुमच्या यंत्राला तो दुरुस्त करू देऊ नका."

अर्जात त्याला रकाना नव्हता.
रेन्स्केने समासात लिहिलं, पेन थांबवत थांबवत,
आणि दिवा मालवला.

मग कागदावरचं शेवटचं वाक्य वाचलं:
आपल्या अमूल्य योगदानाबद्दल आम्ही ऋणी आहोत.
मी पदरचं घातलं नाही.
गाळलं.

वोंगदुआनने पिशवीतून जुना आकडा काढला,
काकाने ठोकलेला, बॉम्बच्याच पत्र्याचा.
पट्टा दातांनी आवळला,
टोपली त्याला अडकवली
आणि निघाली.

आत भात होता.
गरम होता की निवलेला,
आकड्याला काय कळणार.