अकरा मिनिटं

ग्रिम्सबीच्या बर्फ कारखान्यात
लाद्या ढकलता ढकलता ऑस्टिन थर्कल गायचा.
थंडीत त्याचा सूर डोळ्यांना दिसायचा म्हणे,
वाफ होऊन.
मी त्याला पाहिलं ते नंतर, काचेपलीकडे,
लीड्समधल्या तळघरात, उसन्या कोटात,
मायक्रोफोनपासून चार हात लांब,
कारण जवळ आला की काटा लाल व्हायचा.

माझं काम ब्लेडचं.
दोन ओळींमधला त्याचा श्वास
फीत हातानं पुढे-मागे, पुढे-मागे करत हुडकायचा,
पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची,
तिरका छेद द्यायचा.
निर्माते गॅस्कॉइन म्हणायचे,
"लोक आवाज विकत घेतात, मिस पॉस्किट,
फुफ्फुसं नाही."

पहिली रेकॉर्ड मूळ पट्टीत.
इटालियन शब्द धक्क्यावरच्या आइसक्रीमवाल्यानं घोकून घेतलेले,
अर्थ कुणी सांगितलाच नव्हता.
दुसरीवर व्हायोलिनांची साय.
तिसरीत ड्रम आले, तेव्हा ऑपेराचे जाणकार रुसले,
आणि दुसरीकडचे म्हणाले, कोट काढ.
त्यानं वरचं एक बटण काढलं.
चौथी नाताळची, भर जुलैत.
आवाज येतो म्हणून पंखा बंद,
बनियनवर उभा राहून घामाघूम तो बर्फाबद्दल गायला.
बर्फ त्याला ठाऊक होता. तेवढी एकच खरी विकली गेली.
पाचवीतली द्वंद्वगीतं गाणारी बाई लॉस एंजेलिसात,
हा इथं.
दोघं आयुष्यात भेटले नाहीत.
त्यांचं जमवलं मी, चिकटपट्टीनं.

सहावीला काळी दोनची पांढरी दोन झाली.
कुणी काही बोललं नाही.
पियानोवाल्यानं फक्त पानं बदलली
आणि ऑस्टिननं त्या दिवशी जेवण परत पाठवलं.

सातवीचं नाव 'निवडक'.
सुपरमार्केटात, कुत्र्याच्या बिस्किटांशेजारी.
मग नॉर्वेला जाणारी जहाजं, जेवणानंतरचा पाऊण तास,
काटेचमच्यांच्या साथीवर.

कापलेले श्वास मी फेकले नाहीत.
का, ते मला नका विचारू.
एकाला एक जोडत गेले, टिनच्या डब्यात ठेवत गेले.
संगणक आला, श्वास पुसला तर तुकडाही उरेना,
तरी पुसण्याआधी तो फितीवर उतरवून घ्यायचे,
गॅस्कॉइन चहाला गेले की.
सव्वीस वर्षांचे भरले
अकरा मिनिटं.

गेल्या मार्चात तो माझ्या दारात,
नाकात नळी, मागे चाकांवरचं नळकांडं,
काखेत कागदात गुंडाळलेला हॅडॉक.
दोन पायऱ्या चढायला तीनदा थांबला.
म्हणाला, "तुझ्याकडे माझं काहीतरी आहे असं ऐकलं."

फीत लावली.
तो डोळे मिटून बसला, हिशेब तपासणाऱ्यासारखा.
"हा पहिल्या रेकॉर्डचा. केवढा बघ,
अख्खी गोदी आत ओढलीय."
"हा आई गेली त्या आठवड्यातला."
"हा खोटा. दम शिल्लक होता, उगाच घेतला."
खोलीत दोन ऑस्टिन श्वास घेत होते,
आणि बसलेला प्रत्येक वेळी मागे पडत होता.

नवव्या मिनिटाला त्यानं बोट वर केलं.
"हा माझा नाही."

पुन्हा लावला.
लहानसा. बाईचा.
वरच्या सुराच्या ऐन आधी,
तो घेणार तेवढ्यात कुणीतरी त्याच्यासाठी घेतलेला.
काचेच्या अलीकडचं बोलायचं बटण
दाबलेलं राहिलं असणार.
मी तोही कापला होता. त्याचा समजून.

फीत संपली, तिचं शेपूट फिरत राहिलं,
फट्, फट्.
मी उठले नाही.
बराच वेळानं, शब्दाशब्दाला थांबत,
तो म्हणाला, "हॅडॉक आजच कर.
उद्या टिकायचा नाही."