बाकी काय

चंपूआत्या वडाळा डेपोत नाणी मोजायची.
कंडक्टरांच्या पिशव्या टेबलावर उपड्या,
दहा-दहाच्या चळती, बोटांना पितळी वास
जो कुठल्याच साबणाने गेला नाही.
एकतीस वर्षं. एक नाणं कमी नाही, एक जास्त नाही.
पत्रकाच्या तळाशी रोज: बाकी निरंक.
सही, चं. का. वैती.

निवृत्त झाली आणि तिला निरंकाचा कंटाळा आला.
भोईवाड्याच्या खोलीत जुन्या वेबिलांच्या
कोऱ्या पाठी शिवून वही केली, आणि वहीला विचारलं:
कोटीनंतरची पहिली कोण,
जी कुणालाच सारखी वाटून देता येत नाही?

एक कोटी एक अकराने गेली.
एक कोटी तीन तेराने.
एक कोटी नऊ तेविसाने,
कुकरची दुसरी शिटी व्हायच्या आत.
समांना तर तिने हातही लावला नाही.
एक कोटी सात मात्र झुंजली.
एकशे एकोणसाठ भाजक परतवले
आणि एकशे साठाव्यापुढे, नऊशे एक्केचाळीसपुढे,
निमूट मोडली.
त्या दिवशी आत्याने बाजारातून बोंबील आणले नाहीत.

मग १,००,००,०१९.
तिनाने भागली, बाकी दोन.
साताने, बाकी एक:
अगदी उंबऱ्यापर्यंत येऊन परत.
जिन्यात गुलशनबी विचारायच्या, "बाकी काय, चंपूबाई?"
"सतराने सात," आत्या सांगायची.
दुसऱ्या दिवशी, "एकोणिसाने पंधरा."
गुलशनबी मान डोलवायच्या, जणू कुणाची तब्येत ऐकतायत.

कधी दिवसाला तीन भागाकार, कधी चार,
मोतीबिंदू काढला तेव्हा पंधरवडाभर एकही नाही.
तीन हजार एकशे बासष्टच्या पुढे जायचंच नव्हतं.
"मोठ्या भाजकाचा जोडीदार लहान असणार,"
तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली,
"आणि लहान सगळे येऊन गेले, रिकाम्या हाताने."

चारशे शेहेचाळिसावा, शेवटचा: ३१३७.
भाग ३१८७, बाकी २४००.
खाली दोन रेघा. सही, चं. का. वैती.

वही आता माझ्याकडे आहे.
एका रविवारी सगळे भागाकार पडताळत बसले.
१०१३ च्या पानावर तिने बाकी लिहिलीय ६८६.
हवी ६९६.

एकतीस वर्षांत एका नाण्याची नाही,
आणि इथे दहाची तूट.

मी पेनाचं टोपण काढलं.
संख्येला काहीच झालं नव्हतं.
ती होती तिथेच, कोटीच्या पुढे एकोणीस पावलं,
आत्याच्या हिशेबाने अभंग, माझ्याही हिशेबाने अभंग,
आणि आम्ही दोघी नसतो तरी.
टोपण परत लावलं.

खाली उतरताना गुलशनबी भेटल्या, काठी टेकत.
"बाकी काय, पोरी?"

दहा, म्हटलं.