फेब्रुवारीचं पान

रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकानं कॅलेंडर पाठवलं.
खैरनार साहेबांनी ते ग्रेडिंगच्या टेबलासमोर टांगलं,
‘केस झाका, नखं कापा’ या पाटीशेजारी.
जानेवारीला ट्युलिप होते. कुणी पाहिले नाहीत.
फेब्रुवारीला मात्र कैलासबाईंची कात्री थांबली :
“अगं, हा तर बांध आहे!”

बांधच. दिवेलागणीचा.
ओली माती, शेवाळ, मागं नुसता काळोख,
आपल्या उंटकटाऱ्याचा कुणी गोरा भाऊ,
त्याच्या बुडाशी अळंबी, कडा कुरतडलेली.
बेडूक तोंड वासून,
साप मान उचलून,
आणि दोघांच्या मधोमध एक फुलपाखरू
ज्याला यातलं काही माहीत नाही.
गोगलगाय सगळं बघून
सावकाश निघालेली.

साहेब म्हणाले, साडेतीनशे वर्षांचं आहे, डच.
तेव्हा म्हणे खरं फुलपाखरू
ओल्या रंगावर दाबायचे,
पंखांची भुकटी तिथंच राहायची.
“हात भरले असतील मेल्याचे,” कैलासबाई म्हणाल्या
आणि घडातला कुजका मणी छाटला.

आठ-आठ तास उभ्या असतो आम्ही.
पांढरं टेबल, पांढरे हातमोजे, पांढरा उजेड.
पिठ्या ढेकूण दिसला, क्रेट बाजूला.
कोळ्याचा एक धागा, क्रेट बाजूला.
गोगलगाय निघाली तर म्हणतात
अख्खा कंटेनर परत येतो,
त्याच देशाहून
जिथं गोगलगाय भिंतीवर टांगतात.

हे मी कुणाला बोलले नाही.
हसल्या असत्या.

परवा मोहाडीच्या मालात
पानाच्या पाठीला एक निघालीच. हरभऱ्याएवढी.
शंखावर तपकिरी रेघ, थेट चित्रातली.
शिंगं बाहेर काढली तिनं,
ट्यूबलाइट पाहिली,
आत घेतली.
नियम असा : स्पिरिटच्या बाटलीत टाका,
रजिस्टरला वेळ लिहा, सही करा.

क्रेट बाजूला केला. वेळ लिहिली, चार वाजून दहा.
सही केली.
बाटलीत काय गेलं
ते बाटलीला विचारा.
घरी जाताना मखमलाबादच्या पाटाशी
मी स्कूटी थांबवली, एवढं खरं.
डब्याचं झाकण उघडलं.
तिला काही घाई नव्हती.
मला स्वयंपाक होता.

आता मार्च लागून आठ दिवस झाले.
पान कुणी उलटलेलं नाही.
साहेबांनी दोनदा हात लावला,
कैलासबाई म्हणाल्या,
“राहू द्या हो.
साप अजून पोचलेला नाही.”