उतारा

वडगावातल्या दोन खोल्या
विकाव्यात म्हणतो.
एजंट म्हणाला, आधी उतारा काढा.
काढला. सगळा कानडीत.
माझं कानडी बाजारापुरतं:
एष्टु, साकु, बेड.

मग नेला भाडेकरूकडेच.
इराप्पा कामकरनं माग थांबवला,
बोटांचं सूत झटकलं,
चष्मा लावून, ओळीवर नख धरून
वाचलं माझ्या वडलांचं नाव,
पूर्वेला गटार, पश्चिमेला बोळ,
आणि शेवटी, जरा थांबून,
‘बोजा काही नाही.’

भाडं अकराशे, बावीस वर्षं.
पत्र्याला डांबर तोच लावतो, हिशेब मागत नाही.

कशाला काढलात, विचारलं नाही त्यानं.
घडी नीट घालून कागद परत दिला,
माग चालू केला.
मी काहीतरी बोललो तेव्हा.
त्या खडखडाटात
मलाही ऐकू आलं नाही.