जोडकिल्ली

गायधनीकाकांच्या वहीत आकडे नाहीत.
नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव;
एवढ्यावर ते पणजोबा काढून देतात.
‘पिंपळगाव?’ बोट थांबतं. ‘बसवंत की बहुला?’

रामकुंडाच्या पायरीवर, लॅपटॉप मांडीवर घेऊन
मी तेच क्लासमध्ये उतरवतोय:
चार रकाने मिळून एक किल्ली.
एकट्या आडनावानं काही उघडत नाही.
आणि दोन माणसं एकच कधी समजायची
तेही मीच लिहायचं, यंत्राला कुठलं कळायला.

तेरा हजार ओळी सुरळीत गेल्या.
मग अडलं. ही नोंद आधीच आहे म्हणे.

रंभाजी पुंजाजी ढिकले, मखमलाबाद.
रंभाजी पुंजाजी ढिकले, मखमलाबाद.

‘चूक नाही रे,’ काका म्हणाले,
‘पहिला देवीत गेला.
पाठचा झाला, त्याला तेच नाव ठेवलं.’

अनुक्रमांक लावून मोकळा झालो असतो,
४४०७, ४४०८,
हात त्या बटणावर होताही.
काकांनी वही माझ्याकडे फिरवली.
समासात, बारीक मोडीत,
नोंद कोणी सांगितली ते होतं.

पाचवा रकाना जोडला.
पहिल्यापुढे: बाप.
दुसऱ्यापुढे: आई,
एकटीच आली होती.