बारा बाय आठ

आमच्या गावाला डोंगर नाही,
असं हत्तुरे बाई भूगोलाच्या तासाला सांगतात
तेव्हा मी हात वर करत नाही.
आमच्या घरी एक आहे,
बारा फूट लांब, आठ फूट उंच.
गुंडाळला की बापाच्या खांद्यावर मावतो.

बाप, मल्लय्या चिट्याल,
जकार्डवर चादरी विणायचा.
कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा
मालकानं राहिलेल्या पगारात जाड मांजरपाट दिलं.
त्यावर बापानं बर्फाचं गाव काढलं
कॅलेंडरवरून.
तळं, होडी, दोन घोडे, लाल कौलांचे बंगले
आणि चार डब्यांचा रोपवे.
पांढरा रंग संपला तेव्हा शिखराला चुना लावला.
काठाला चादरीतला मोर आला,
तो म्हणतो, हातानंच काढला, मी नाही.

जानेवारीत आम्ही गड्ड्यावर असतो,
मौत का कुआँच्या मागच्या बाजूला.
स्वेटर दहा रुपये, टोपी फुकट.
फेब्रुवारीत कुणाच्यातरी मळ्यात
दोन बाभळींच्या मधे गाव ताणून बांधायचं,
हुरडा खाऊन काळ्या झालेल्या बोटांनी
माणसं घोड्याची आयाळ धरतात.
(घोड्याला आता आयाळ उरलेली नाही.)
तळी भरली तर हिपरग्याच्या बांधावर.
नाही भरली तरी बांधावरच,
आमचं तळं आटत नाही.

पण खरा धंदा मे महिन्यात.
चव्वेचाळीस, पंचेचाळीस.
दिवे लागल्यावर कंबर तलावाकडे लोक येतात
ओले टॉवेल मानेवर टाकून,
फोटो न काढताच
नुसते समोर उभे राहतात.
बाप त्यांना हटवत नाही.
मी म्हणते, अप्पा, गिऱ्हाईक अडतंय.
तो म्हणतो, असू दे, गार होऊ दे.

मागच्या मेमध्ये अंबव्वा आली,
हजार विड्या वळून, तंबाखूचा वास घेऊन.
म्हणाली, होडीत बसायचंय.
बापानं स्टूल ठेवलं होडीच्या जागी.
बसण्याआधी तिनं लुगडं घोट्याच्या वर उचललं,
भिजू नये म्हणून.
मी छत्रीमागे हसले.
बाप हसला नाही.
त्यानं विचारलं, पाणी लै गार आहे का?
ती म्हणाली, हाय की.

शेखांचा अयाज लग्नानंतर
खऱ्या बर्फात जाऊन आला.
सात दिवस धुकं,
सगळ्या फोटोंत दोघं आणि पांढरं.
मग इथंच उभे राहिले, तिकडच्याच टोप्या घालून.
त्याची बायको बराच वेळ वर बघत होती.
म्हणाली, चाचा, रोपवेचा दोर डब्याच्या वर असतो,
तुम्ही खाली काढलाय.
बाप स्टुलावर चढला, चष्मा पुसला.
मागावर धागा खालीच असतो, म्हणाला,
आणि उतरला.
दोर अजून खालीच आहे.
डबे पडलेले नाहीत.

घरी आम्ही तेलुगू बोलतो.
तेलुगूत डोंगराला कोंडा म्हणतात.
शाळेत कोंडा म्हणजे पिठाच्या चाळणीत उरतो तो,
किंवा केसांतला.
पहिलीत मी सांगितलं होतं,
माझे वडील कोंडा खांद्यावर घेऊन फिरतात.
वर्ग आठवडाभर हसत होता.

आता काय झालंय,
चुना सुटायला लागलाय.
रात्री गाव गुंडाळून आम्ही परत निघतो,
सायकल माझ्या हातात, डोंगर त्याच्या खांद्यावर,
रस्ता अजून तव्यासारखा,
आणि प्रत्येक खड्ड्याला
शिखराचा थोडा भुगा
त्याच्या मानेवर, सदऱ्यावर पडतो.
आई दारातच झटकते. पुरा झटकला जात नाही.

परवा हत्तुरे बाई आल्या, भाच्यांना घेऊन.
मी छत्रीमागे लपले.
त्यांनी पडदा नीट बघितला,
मोर बघितला, दोर बघितला,
मग बाईंच्या आवाजात विचारलं,
उंची किती?

आठ फूट, मॅडम, बाप म्हणाला.
पूर्वी जास्त होती.